खालच्या कड्या

१

नव्या घरात शिरलं की नेवेना आधी गुडघ्यांवर बसायची. भिंती ठोकून बघणं, नळ सोडून बघणं ही कामं तिचा नवरा कालिन करायचा. ती मात्र फरशीवर बसून खोलीकडे तीन वर्षांच्या पोराच्या उंचीवरून बघायची. गाब्रोवो शहराच्या नगरपालिकेसाठी बालवाड्या तपासत तिची अकरा वर्षं गेली होती, तिथली ही सवय. टेबलाखाली वर आलेला खिळा, कपाटामागे राहिलेलं उंदराचं औषध, बोट चेमटेल अशी बिजागरीची फट, हे सगळं खालूनच दिसतं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी आठ घरं बघितली आणि आठही तिनेच नाकारली. एकाला अंगणात उघडी विहीर होती, एकाचा जिना इतका उभा की मोठ्या माणसाने धरून उतरावं, आणि एकाचं फाटक थेट ट्रकच्या रस्त्यावर उघडत होतं.

"तुला घर नकोय," कालिन म्हणायचा, "तुला गादी हवीये. चार भिंतींना गादी."

"दोन पोरं आहेत आपल्याला. आपटतात ती."

"मीही आपटतो. माझ्यासाठी कोणी घर नाही नाकारलं."

हे खरं होतं. कालिन अंगाने ताडमाड, आणि त्यांचं भाड्याचं घर जुन्या वसाहतीतल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. स्वयंपाकघरातल्या दिव्याला दिवसातून एकदा तरी त्याचं डोकं लागायचंच. पण घर सोडायचं कारण ते नव्हतं. मुलांच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला काळी बुरशी धरली होती. कालिन ती दर वसंतात खरवडून वर रंग द्यायचा आणि दर ऑक्टोबरात ती रंगातून वर यायची. धाकटा तोशो तीन वर्षांचा. गेल्या हिवाळ्यात त्याच्या छातीतला आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यायचा.

"औषधं मी देत राहीन," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "पण अजून एक हिवाळा त्या भिंतीजवळ काढू नका."

नववं घर लिपनित्सा गावात होतं.

२

घर दाखवायला पेंचेवाबाई आल्या. साठीच्या, केस नीट बसवलेल्या, घरांच्या दलालीत मुरलेल्या. घरात शिरल्यापासून त्या कमरेत पार वाकून चालत होत्या, एक हात पाठीवर ठेवून.

"कंबर धरलीये हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा निवांत. मी आपली इथे बसते." आणि हॉलमधल्या एका बुटक्या तिवईवर त्या टेकल्या.

बैठं घर. जिना नाही. मागे आलुबुखाराची सहा झाडं, विहीर नाही, शाळा चालत चार मिनिटांवर. भिंतींना हात लावला तर ऑगस्टातल्या भाकरीसारख्या कोरड्या. छत इतकं उंच की कालिनने हात वर केला तरी हातभर जागा उरत होती. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने पाठ ताणून आळस दिला. त्याला इतकं सरळ उभं राहिलेलं नेवेनाने फार दिवसांत बघितलं नव्हतं.

"हे घे," तो म्हणाला. "आता यात काय खोट काढतेस बघू."

ती मागच्या खोलीत गेली. ही मुलांची होईल, असं तिने मनात ठरवूनही टाकलं होतं. सवयीने दार लोटून ती खाली बसली, तेव्हा तिला कडी दिसली.

दाराला आतून पितळी कडी होती, पण जमिनीजवळ. नेवेनाने पिशवीतून फीत काढून मोजलं. फरशीपासून अडतीस सेंटिमीटर. वर, जिथे कडी असते तिथे, काही नव्हतं. पूर्वी असल्याची भोकंही नव्हती. ही एकच कडी, आणि पितळ रोज हात लागल्यासारखं चकचकीत.

ती उठून न्हाणीघरात गेली. तिथेही तशीच. कोठीच्या खोलीत तशीच. मोठ्या शयनगृहात तर दोन, एकाखाली एक.

"कालिन, इकडे ये."

त्याने वाकून बघितलं. "कोणीतरी चाकाच्या खुर्चीवर असेल."

"खुर्चीवर बसलेल्याचा हात इतका खाली नसतो. हे खुर्चीच्या बैठकीच्याही खाली आहे."

"मग पोरं असतील त्यांची. पोरांना लावता यावी म्हणून."

"पोरांना आतून कडी लावता यावी असं कोणते आईबाप करतात? मी एखाद्या बालवाडीत असली कडी बघितली तर ती बंद करून टाकीन."

"मग काढून टाकू ना. चार स्क्रू आहेत, नेवेना. विहीर बुजवायची नाहीये."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. चार स्क्रूंसाठी कोणी घर सोडत नाही. तिने फीत गुंडाळली.

बाहेर पडल्यावर पेंचेवाबाई त्यांच्या पुढे फाटकापर्यंत गेल्या. चालता चालता त्यांची पाठ हळूहळू सरळ होत गेली. गाडीपाशी पोचल्या तेव्हा त्या ताठ उभ्या होत्या, आणि वर हात करून अक्रोडाच्या फांदीचं एक पान तोडून त्यांनी वास घेतला.

"मुलांना घेऊन या एकदा," त्या म्हणाल्या. "मुलांनी बघितलेलं बरं असतं."

३

मंगळवारी नेवेनाला त्याच बाजूच्या एका बालवाडीत काम होतं. परत येताना ती लिपनित्साला थांबली. घर बंद होतं. शेजारच्या अंगणात एक म्हातारी चुलाणावर मोठं पातेलं ठेवून आलुबुखाराचा मुरांबा ढवळत होती. गिना तिचं नाव. बोलायला हौशी वाटली.

"घर घेताय होय? घ्या की. जमीन चांगली आहे."

"मावशी, आधी कोण राहायचं इथे?"

"शिक्षक होते दोघं. नवरा-बायको. तो गेला चार वर्षांपूर्वी, ती या वसंतात."

"मुलं शहरात असतील मग."

"मूलबाळ नव्हतं गं त्यांना."

"चालता येत नव्हतं का कोणाला? पायाचं काही?"

"छे. रविवारी डोंगरावर जायचे दोघं. झपाझप चढायचे. मला मागे टाकायचे." गिनाने पळी झटकली. "गुडघे मात्र फार दुखायचे दोघांचे. मलम माझ्याकडूनच न्यायचे, रानातल्या पाल्याचं. एकदा मी लावून दिलं तिला. गुडघे नव्हते ते पोरी, टाचा होत्या. तशी कातडी झालेली."

"कशाने?"

गिनाने विस्तव मागे ओढला आणि ती म्हणाली, "मी त्यांच्या घरात कधी गेले नाही. चाळीस वर्षं शेजारी होतो. ती नेहमी अंगणातच यायची बोलायला."

परतीच्या वाटेवर नेवेनाने स्वतःला चांगलं झापलं. शिक्षक होते, फरशी पुसत असतील. देवभक्त असतील. बागेत काम करत असतील. अडतीस सेंटिमीटरवर कडी बसवायला कोणालाही काहीही सुचू शकतं, आणि तिच्या पोराची छाती मात्र ऑक्टोबरात खरोखर वाजणार होती.

४

शनिवारी सकाळी अकराच्या लख्ख उन्हात ते चौघं गेले. पेंचेवाबाईंनी किल्ली फाटकातच दिली आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

इस्क्रा सहा वर्षांची, सतत बोलणारी. अंगणभर तिची बडबड चालू होती, झोका कुठे बांधायचा, कोणतं झाड तिचं आणि कोणतं तोशोचं. तोशो तिच्यामागून पळत होता. दाराच्या पायरीवर दोघं थांबली.

मग इस्क्रा गप्प झाली आणि खाली बसली. हातांचे तळवे फरशीवर टेकले आणि रांगत आत गेली. तिच्यामागून तोशो. चालायला लागून त्याला दोन वर्षं झाली होती.

"काय खेळ आहे हा?" कालिन हसला. "मांजरं झालात का?"

दोघं भिंतीच्या कडेकडेने, माना खाली घालून, घाई न करता मागच्या खोलीकडे निघाली. घराची माहिती असल्यासारखी.

"इस्क्रा, उभी राहा," नेवेना म्हणाली. "फ्रॉक मळतोय."

"नको," इस्क्रा हळू आवाजात म्हणाली. घरी ती कधी हळू बोलत नसे.

मागच्या खोलीत पोचल्यावर तोशो दाराकडे वळला, आणि त्याने ती कडी हाताने चाचपली. रांगतानाही त्याचा हात तिथे बरोबर पोचत होता.

"बघ, बरोबर उंचीवर आहे," कालिन म्हणाला. तो खोलीच्या मधोमध उभा होता, दोन्ही हात कमरेवर, मान मागे टाकून. "काय सुंदर छत आहे. इथे आपण दोन मजली पलंग करू. तुला काय वाटतं?"

नेवेनाला वाटत होतं की आपण फार विचार करतोय. पोरं खेळतायत. खेळात एकदा शिरली की ऐकत नाहीत, रोज बघतो आपण. एवढं ठरवून ती त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली.

"अरे, उठा आता," ती म्हणाली, आणि मग तिचं लक्ष गेलं की दोघं बापाकडे बघतायत. त्याच्या चेहऱ्याकडे नाही. त्याच्या थोडं वर.

तिनेही तिकडे बघितलं.

५

उभी असताना तिने ते छत दोनदा बघितलं होतं. पांढरं, स्वच्छ, मधोमध दिव्याची तार. आता खालून बघताना पांढरं काही दिसत नव्हतं. दोरीवर ओले कपडे दाटीवाटीने टाकावेत तसं काहीतरी वर सगळीकडे लोंबत होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि वारा नसताना सावकाश हलत होतं. त्यातलं एक खाली उतरलेलं होतं. ते कालिनच्या डोक्यावर अगदी हलकेच टेकलं होतं, पोराची उंची बघताना आई तळवा ठेवते तसं. त्याच्या भांगाजवळचे केस त्याखाली दबलेले स्पष्ट दिसत होते.

कालिन दोन मजली पलंगाबद्दल बोलत होता.

नेवेनाने डोळे फरशीवर आणले. उठून त्याला ओढावं, तर तिचं डोकं वर जाणार. ओरडावं, तर तो वर बघणार. बालवाडीत पोर खिडकीत चढलेलं दिसलं की ओरडायचं नसतं, हळू बोलायचं असतं, हे तिनेच शंभर बायांना शिकवलं होतं.

"कालिन," ती म्हणाली, "इथली एक फरशी हलतेय. जरा बघतोस?"

"सोमवारी बघू."

"आत्ता बघ. इथे बस माझ्याजवळ."

"पँट धुतलेली आहे गं."

"बाबा," इस्क्रा म्हणाली, "खाली या ना."

तोशो रडत नव्हता. तो बापाच्या बुटाच्या नाडीला धरून ओढत होता.

"काय झालंय तुम्हा तिघांना?" कालिन हसत म्हणाला, आणि बसू लागला. गुडघे वाकले, पाठ वाकली, पण क्षणभर त्याची मान मागेच राहिली, कॉलर खिळ्यात अडकावी तशी. मग तो धपकन खाली आला.

"वर बघू नकोस," नेवेना म्हणाली. "माझ्याकडे बघ. आता आपण सगळे असेच बाहेर जाणार आहोत. पोरं खेळतायत तसे. विचारू नकोस काही."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्याने विचारलं नाही. चौघं रांगत निघाली. पुढे इस्क्रा, मग तोशो, मग कालिन, शेवटी ती. हॉल लहान होता, पण फरशीच्या ओळी संपता संपेनात. मागे, वरच्या बाजूला, ओलं कापड कापडावर घासावं असा आवाज त्यांच्याबरोबर दारापर्यंत आला.

पायरीबाहेर उन्हात पोचल्यावर कालिन उठून उभा राहिला आणि त्याने गुडघे झटकले. कुंपणापलीकडे गिना उभी होती. चार माणसं घरातून रांगत बाहेर आलेली तिने बघितली होती. ती हसली नाही. वळून आपल्या घरात गेली.

६

गाडीत पोरं पुन्हा बडबडायला लागली, झोका आणि झाडं. गाव मागे पडल्यावर कालिन म्हणाला, "तुला एक विचारू?"

"विचार."

"खोलीत मी उभा होतो तेव्हा तू माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास ना?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

"मला वाटलं, लाडात आलीस," तो म्हणाला. मग त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिला.

त्या घराचा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. सप्टेंबरअखेर त्यांना रुळांजवळ एक लहानसं घर मिळालं. गाडी गेली की कपबशा वाजायच्या, पण भिंती कोरड्या होत्या. तिथे सामान लावल्यावर नेवेनाने पेंचेवाबाईंना फोन केला.

"ते घर पोरं असलेल्यांना दाखवू नका," ती म्हणाली.



"ताई," पेंचेवाबाई म्हणाल्या, "पोरांना तिथे काहीच होत नाही. पोरांना कळतं. मी मुद्दाम पोरंवाल्यांनाच दाखवते." आणि त्यांनी फोन ठेवला.

७

नोव्हेंबरात नेवेना लिपनित्साच्या बालवाडीत तपासणीला गेली. सगळं ठीक होतं. चहा घेताना तिथली बाई म्हणाली, "एक नवीन मुलगी आलीये, रादा. चार वर्षांची. अंगणात चांगली उड्या मारते, पण कुठल्याही खोलीत शिरायचं म्हटलं की रांगते. डॉक्टरांना दाखवा म्हटलं आईला, तर म्हणाली, राहू दे, सवय आहे."

नेवेनाने चहा तसाच ठेवला.

त्या घराच्या अंगणात एक तरुण बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. रालित्सा, रादाची आई. तिच्या लांब पायमोज्यांवर गुडघ्यांना जुन्या बुटांचं चामडं शिवलेलं होतं. नेवेना सावध करायला आली होती. ते चामडं तिने नीट बघितलं.

"तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"तिसऱ्या दिवशी कळलं. रादाने दाखवलं." रालित्साने चिमटा लावला. "तुम्ही पण बघायला आला होतात का घर?"

"मग तुम्ही राहता कशा?"

"याआधी कुठे होतो माहितीये? कारखान्याच्या मागे, पत्र्याच्या खोलीत. छत गळायचं. मोठ्या मुलाला दोनदा दवाखान्यात ठेवलं. इथे ऊब आहे, पाणी आहे, पोरं अंग धरतायत. जरा खाली राहायचं, एवढंच. बाहेर आलं की हवं तेवढं उभं राहायचं."

"आणि तुमचे यजमान?"

रालित्साने एक मोठा शर्ट झटकला, आणि तो दोरीवर न टाकता हातातच धरून ठेवला.

"दिमोला पटलं नाही," ती म्हणाली. "म्हणाला, जन्मभर दुसऱ्यांपुढे वाकलो. स्वतःच्या घरात नाही वाकणार."

"कुठे आहेत ते?"

"घरातच."

"त्यांना बाहेर काढा."

"सोमवारपासून ओढतेय," रालित्सा शांतपणे म्हणाली. "तो येत नाही."

दार उघडं होतं. नेवेना पायरीपर्यंत गेली आणि खाली बसली. मान वर करायची नाही, हे तिने स्वतःला बजावलं. हॉलच्या फरशीवर ऊन पडलं होतं. मधोमध दोन पाय होते, लोकरीचे मोजे घातलेले. टाचा जमिनीपासून उचललेल्या. फक्त अंगठे टेकले होते, तेही टेकल्यासारखे. पँट वर सरकून नडग्या उघड्या पडल्या होत्या, आणि त्या नडग्या फार लांब होत्या. त्याच्या पायांभोवती रादा आणि तिचा भाऊ रांगत एक लाकडी ट्रक फिरवत होते.

तिसरं पोर, दहा-अकरा महिन्यांचं, भिंतीकडून आलं. त्याने बापाच्या पँटला धरलं. एक मूठ, मग दुसरी. ढुंगण वर उचललं. गुडघे लटपटले, सरळ झाले.

"अगं बाई," रालित्सा मागून म्हणाली. शर्ट चिखलात टाकून ती नेवेनाच्या शेजारून आत घुसली, पोटावर पडल्यासारखी. नेवेनाही तिच्यामागून गेली. दोघींनी पोराला धरलं. मुठी सुटेनात. नेवेना एकेक बोट सोडवत होती आणि कापडाखालचा पाय तिच्या मनगटाला लागत होता, थंड, आणि पडद्यासारखा हलका.

"राहू दे गं, राली," दिमो वरून म्हणाला. आवाज साधा होता, कौतुकाचा, आणि अगदी छताजवळून आला. "उभा राहतोय तो."